टिटवी हे नाव

पुलाच्या मधल्या खांबाला तडा गेला आणि दोन्ही टोकांना रिकामी पिंपं आडवी लागली, तेव्हा म्हाताऱ्या नावाड्याची होडी गोठ्यात पालथी पडून अकरा वर्षं झाली होती. तिच्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालायच्या. कचेरीतला शिपाई सायकल ढकलत आला, गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, परवाना अजून तुमच्याच नावावर आहे. पूल दुरुस्त होईपर्यंत माणसं पोचवाल का? नाहीतर पलीकडे जायला वीस मैलांचा वळसा आहे."

म्हाताऱ्यानं कोंबड्या हाकलल्या. होडीच्या तळावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला.

"वाजतेय अजून," तो म्हणाला.

पुढचे चार दिवस घरातली तिन्ही माणसं होडीला चिकटून होती. म्हातारी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडून डांबरात बुडवायची, मुलगी त्या फळ्यांच्या फटीत छिन्नीनं ठोकून बसवायची आणि म्हातारा मागून हात फिरवत, "इथं राहिली फट, इथं बघ," म्हणत सरकायचा. डांबर नखांत गेलं ते महिनाभर निघालं नाही. पाचव्या दिवशी होडी पाण्यात सोडली. थोडं पाणी प्याली, मग फळ्या फुगल्या आणि गळती थांबली.

दहा-बारा दिवस सगळं नीट चाललं. मग एका सकाळी भर प्रवाहात म्हाताऱ्याच्या उजव्या खांद्यात कट्कन आवाज झाला आणि वल्हं त्याच्या हातून सुटलं. मुलगी बरोबर होती म्हणून होडी काठाला लागली. पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हात गळ्यात बांधून दिला. "दीड महिना या हातानं भाकरसुद्धा मोडायची नाही," त्या म्हणाल्या.

म्हातारा परतीच्या वाटेवर होडीत पाय पसरून बसला होता. वल्हं मुलीच्या हातात होतं. पूल झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, तोवर रोज बापाबरोबर नदीवर असायची. आता सत्ताविशी उलटली होती. हात विसरला नव्हता, पण तळवे मऊ पडले होते. काठ येईपर्यंत तिच्या दोन्ही हातांना फोड आले.

"उद्यापासून तूच ने," म्हातारा म्हणाला.

"लोक बसतील?"

"न बसून जातील कुठं?"

लोक कुठं जातील ते तिला चांगलं माहीत होतं. तिचं नाव टिटवी होतं.

उभ्या पंचक्रोशीत त्या नावाची दुसरी बाई नव्हती. टिटवी म्हणजे ओसाड माळावर, नदीच्या वाळूत ओरडत फिरणारं पाखरू. ते घरावरून ओरडत गेलं तर त्या घरातलं कोणी जातं, असं म्हणणारी माणसं होती, आणि तसं न मानणारीही ते ओरडलं की एकदा वर बघायची. शाळेत पोरं हिला बघून कानांवर हात ठेवायची. आवाजही देवानं तसाच दिला होता, टोकदार, लांब जाणारा. दोन ठिकाणांहून स्थळं आली होती. पहिल्या ठिकाणच्यांनी नाव बदलायला सांगितलं, तर म्हातारा म्हणाला, नाव बदलून मुलगी बदलत नाही. दुसऱ्यांनी काही सांगितलंच नाही. चहा पिऊन गेले ते गेलेच.

परवान्यावर तिचं नाव चढवायला ती कचेरीत गेली. कारकून मान खाली घालून लिहीत होता.

"नाव?" त्यानं विचारलं.

"बाहेर बांधलीय, साहेब."

"तुझं नाव विचारतोय मी."

"टिटवी."

त्यानं मान वर केली. "खरं सांग."

"खरंच सांगते."

"बापानं कसला राग काढला गं तुझ्यावर?" असं म्हणून त्यानं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. शेजारचं टेबल हसलं. तीही थोडी हसली, कारण न हसता उभं राहणं जास्त अवघड होतं. मग कागद हातात घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी घाटावर दहा-बारा माणसं होती. त्यांत पिठाच्या गिरणीची मालकीण होती, आपल्या गरोदर सुनेला तपासायला घेऊन निघालेली. गिरणीवाली उंच, हाडापेरानं मोठी बाई. केसांत, भुवयांत कायम पिठाचा पांढरा थर. गावात तिचा शब्द चालायचा, कारण पीठ सगळ्यांनाच लागतं. तिनं होडीत बसलेल्या टिटवीकडे पाहिलं आणि मागे उभ्या माणसाला विचारलं, "म्हातारा कुठाय?"

"खांदा गेलाय त्याचा. पोरगी नेतेय आता."

गिरणीवालीनं सुनेचा दंड धरला. "चल मागे. भरल्या पोटानं त्या होडीत बसायचं नाही. ते पाखरू ओरडलं तर आम्ही दार लावून घेतो, आणि इथं त्याच्याच हातात जीव द्यायचा?"

"आई, वळसा फार लांब आहे," सून हळूच म्हणाली.

"असू दे लांब. ट्रॅक्टर जातोय."

ती वळली तशी आणखी सात-आठ माणसं वळली. त्यांच्यातल्या काहींना नावाचं काही नव्हतं, पण गिरणीवालीसमोर होडीत चढायचा धीर नव्हता. टिटवी वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिली. शेवटी टोपल्या विणणारा बहिरा म्हातारा एकटाच चढला, कारण त्यातलं काहीच त्याच्या कानावर पडलं नव्हतं. पलीकडे उतरताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "हलली नाही बघ. पाळण्यासारखी नेलीस."

त्या दुपारी जेवताना तिनं बापाला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"आबा, हेच नाव का ठेवलंत?"

म्हातारा डाव्या हातानं घास कालवत होता. घास सांडत होता. म्हातारीनं पुढे होऊन तो कालवून दिला.

"तुझ्या आईला कळा सुरू होत्या," तो म्हणाला. "मी पलीकडून होडी आणत होतो. पाणी कमी होतं, मधे वाळूचं बेट उघडं पडलेलं. नेहमीसारखी होडी बेटाला लावून वाळूवरून ओढायला गेलो, तर टिटवी आडवी आली. वाळूत तिची अंडी होती. तिनं पंख पसरले आणि ओरडत होडीच्या तोंडासमोर उभी राहिली. मी वल्हं उगारलं. तरी हलेना. एवढं मुठीएवढं पाखरू, आणि माझी एवढी मोठी होडी. मीच मागे घेतली शेवटी. अर्धा कोस वळसा घालून घरी आलो, तर तू झाली होतीस आणि आळी डोक्यावर घेऊन रडत होतीस. मला दुसरं नाव सुचेना."

"मी पंधरा दिवस तिला नुसतं बाळ म्हणत होते," म्हातारी म्हणाली. "इतका राग आला होता ह्यांचा."

"आणि मग?"

"मग काय. तू त्या नावालाच वळून बघायला लागलीस."

टिटवीनं हात धुतले. बापाची गोष्ट तिला आवडली होती, पण घाटावरची माणसं काही त्या बेटावर नव्हती.

तरी दिवस गेले तशी गरज मोठी झाली. आधी शाळेच्या बाई बसल्या, मग भाजीवाल्या, मग ज्यांचे ट्रॅक्टरमध्ये मणके ढिले झाले होते ते. रोज आठ-दहा खेपा. तळव्यांवरचे फोड फुटले, त्यावर पुन्हा फोड आले, मग कातडी पायताणासारखी झाली. संध्याकाळी म्हातारी तेल कोमट करून तिच्या पाठीला चोळायची आणि तोंडानं कोणाकोणाला शिव्या द्यायची. म्हातारा घाटाच्या पायरीवर बसून रोज पाण्याकडे बघायचा आणि ती निघताना दोनच शब्द सांगायचा, "आज वरून घे," किंवा "आज मधे भोवरा आहे." गिरणीवाली मात्र आली नाही. सुनेच्या तपासणीसाठी ती तिला दोनदा वळशानं घेऊन गेली.

मग वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस पडला. नदी लाल झाली. वळशाच्या वाटेवरचा ओढा रस्ता घेऊन गेला, ट्रॅक्टर बंद झाला. टिटवीनंही दोन दिवस होडी काठाला बांधून ठेवली.

तिसऱ्या दिवशी, नुकतं फटफटलं होतं, म्हातारी दार झाडत होती. गिरणीवाली अंगणात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून सरकलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"नाववाली कुठाय?" तिनं विचारलं.

टिटवी बाहेर आली.

"सुनेला कळा सुरू झाल्यात. दिवस पुरे झालेले नाहीत. सुईण म्हणते मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही हे." गिरणीवालीनं पदर पुन्हा डोक्यावर ओढला. "नेशील का?"

टिटवीनं बापाकडे पाहिलं. म्हातारा घाटाकडे निघालाही होता. पाण्याजवळ जाऊन त्यानं एक काटकी टाकली, ती कशी जाते ते पाहिलं.

"दोनशे पावलं वर ओढून न्या, मग सोडा," तो म्हणाला. "मधे जोर करायचा नाही. पाणी नेईल तिथं लागायचं."

गिरणीवालीच्या मुलानं आणि शेजारच्या चौघांनी दोर खांद्यावर घेऊन होडी काठाकाठानं वर ओढत नेली. सुनेला गोधडीवर आडवं निजवलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं टिटवीचा घोटा घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

"काकू, तुम्ही मागे बसा," टिटवी म्हणाली. "मागचं वजन पाहिजे. हा डबा घ्या. पाणी आत येईल, ते उपसायचं. थांबायचं नाही."

"मला पाण्याची भीती वाटते गं."

"उपसत राहिलात की वाटायची नाही."

दोर सुटला. होडी एकदम तिरकी झाली आणि पाण्यानं ती उचलली. टिटवी पाय फळीला टेकवून वल्हं मारत होती. अर्ध्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग वरून झाड आलं, मुळांसकट, सावकाश फिरत, जसा काही एखादा म्हातारा बैल वाट काढत येतोय. टिटवीनं वल्हं वर उचललं आणि धरून ठेवलं. होडी झाडाच्या बरोबरीनं खाली वाहायला लागली.

"वल्हं मार की," गिरणीवाली मागून म्हणाली. "वाहून चाललो आपण."

"आता नाही, काकू. त्याला आधी जाऊ दे."

"घाट गेला बघ मागे."

"जाऊ दे घाट."

झाडाच्या मुळ्या होडीच्या कडेला घासल्या. एक लाट आत आली. गिरणीवालीनं डबा भरला, फेकला, भरला, फेकला. गिरणीत पोती उचलणारे हात होते तिचे. सून कण्हत होती. पाणी तिच्या पाठीखाली आलं होतं.

"टिटवे," गिरणीवाली म्हणाली, "टिटवे बाई, सांभाळ गं." ती वाकून पाणी उपसत होती आणि प्रत्येक डब्याबरोबर तेच म्हणत होती, "टिटवे, टिटवे."

झाड पुढे निघून गेलं. टिटवीनं वल्हं पाण्यात घातलं आणि सगळं अंग मागे टाकलं. समोरचा काठ जवळ आला, पण तो दवाखान्याचा घाट नव्हता. अर्धा मैल खाली ते वाहून आले होते, जिथं काठावर पाण्याच्या पंपाची एक खोली तेवढी होती. इथून त्या पोरीला चालवत नेणं शक्य नव्हतं.

टिटवी होडीत उभी राहिली आणि तिनं हाक मारली. नर्सबाईंना नावानं नव्हे, नुसती हाक, लांब, वर जाणारी. शाळेत पोरं ज्या आवाजाला कान झाकायची तोच आवाज तिनं जितका होता तितका बाहेर काढला. एकदा, दोनदा, तीनदा. काठावरचे बगळे उडाले. दवाखान्याच्या ओट्यावर दात घासत असलेल्या नर्सबाईंनी तो ऐकला. त्या नंतर सांगायच्या की माणसाचा आवाज आहे हेच आधी कळलं नाही, पण कोणीतरी बोलावतंय हे कळलं. त्यांनी बॅग उचलली आणि काठानं पळत सुटल्या.

पंपाच्या खोलीत रिकाम्या पोत्यांवर, इंजिनाच्या शेजारी, दीड तासानं मूल झालं. टिटवी बाहेर भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर उलटे पडले होते, तळव्यांतून रक्त येत होतं, ते तिला आत्ता दिसलं. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज आला आणि तो थांबेचना.

नर्सबाई दारात आल्या. "मुलगी," त्या म्हणाल्या. "छोटी आहे, पण फुप्फुसं तुझ्यासारखी आहेत. दोघी वाचल्या."

गिरणीवाली आतून आली. टिटवीच्या शेजारी खाली बसली. आपल्या पदराचा कोरडा राहिलेला कोपरा तिनं फाडला आणि टिटवीच्या एका हाताला बांधला. दुसऱ्या हातासाठी कोरडा पदर उरला नव्हता.

तीन आठवड्यांनी नदी उतरली. नर्सबाई होडीतून अलीकडे येत होत्या. सहज बोलावं तसं त्या म्हणाल्या, "गिरणीवाल्यांनी मुलीचं नाव नोंदवलं. टिटवी."

वल्हं थांबलं.

"काय नाव?"

"टिटवी. मी स्वतः लिहिलं वहीत."

नर्सबाईंना वाटलं होतं, ही खूश होईल. टिटवीनं होडी काठाला लावली, बांधली, आणि ओल्या पायांनी थेट गिरणीवर गेली. गिरणी चालू होती. पट्ट्याचा फटफट आवाज, हवेत पीठ. सून आतल्या खोलीत बाळाला पाजत बसली होती.

"दुसरं नाव नाही मिळालं तुम्हाला?" टिटवी दारातूनच म्हणाली. "माझ्यावर उपकार केले असं वाटलं का? तिला शाळेत घालाल तेव्हा पोरं कानांवर हात ठेवतील. कचेरीत हसतील. सोयरीक जमणार नाही. मी सत्तावीस वर्षं ते नाव वागवतेय, मला विचारा. आजच्या आज बदला. वही अजून नर्सबाईंकडेच आहे."

सून गोंधळली. "मला वेगळंच ठेवायचं होतं," ती म्हणाली. "आईंनी ऐकलं नाही."

मागे गिरणीचा आवाज बंद झाला. गिरणीवाली पदरानं तोंड पुसत आत आली. "मीच ठेवलंय," ती म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही तर माझ्या होडीत बसत नव्हता."

"नव्हते बसत. म्हणून तर." ती पिठाच्या पोत्यावर बसली. "त्या दिवशी मी मागे बसले होते. जन्मभर देवाचं नाव घेत आले, त्या वेळी एकही आठवेना. तोंडाला तुझंच नाव येत होतं. ज्या नावानं मी तरले, ते नात म्हणून घरात आणलं, बस. हसणाऱ्याचं म्हणशील, तर आमच्या गिरणीवर दळायला येणाऱ्या कोणी हसून दाखवावं. त्याचं दळण रांगेत शेवटी."

सुनेला हसू आलं. टिटवीला आलं नाही. बाळानं स्तन सोडला आणि डोळे मिटूनच ओठ हलवले.

"घे की," सून म्हणाली.

"हात ओले आहेत," टिटवी म्हणाली आणि निघून आली.

घरी तिनं बापाला सांगितलं. म्हाताऱ्यानं हातातल्या दोराची गाठ सोडवली. मग म्हणाला, "बाई वाईट नाही. आवाज मोठाय नुसता."

लोकांचं काय, गिरणीवाल्यांच्या घरात ठेवलं म्हणजे नाव चांगलंच असणार, असं झालं. त्या मोसमात नर्सबाईंच्या वहीत चार टिटव्या लागल्या. पहिली गिरणीवाल्यांची. एक कुंभारणीची, जिला सातव्या महिन्यापासून टिटवीनंच नेलं-आणलं होतं. एक मेंढपाळाची. आणि चौथी तर पार दुसऱ्या खोऱ्यातली, जिच्या आईनं टिटवीला बघितलंही नव्हतं. तिला फक्त कोणीतरी सांगितलं होतं की मूल नाजूक असेल तर हे नाव ठेवतात, मग ते जगतं. असं कोण म्हणालं, कधीपासून म्हणतात, ते कोणालाच सांगता येईना. शाळेच्या बाई म्हणाल्या, टिटवीनं समुद्र आटवायला घेतला होता अशी म्हणच आहे, नाव वाईट कसं असेल? जणू काही त्यांना हे आधीपासूनच माहीत होतं. एका शेतकऱ्याला जुळ्या मुली झाल्या. तो घाटावर येऊन विचारायला लागला, "एकीचं टिटवी ठरलंय. दुसरीचं काय ठेवू?"

"वल्हं ठेव," म्हातारा म्हणाला.

टिटवी हे सगळं ऐकायची. कोणी मूल पुढे केलं की गालाला बोट लावायची, पण त्याला नावानं बोलवायची नाही. "बाळ कसं आहे?" एवढंच विचारायची. स्वतःचंच नाव दुसऱ्या कोणाला हाक म्हणून मारायचं, हे तिच्या जिभेवर बसत नव्हतं.

थंडी संपता संपता पुलाची पिंपं बाजूला झाली. म्हाताऱ्याला वाटलं, होडी पुन्हा गोठ्यात जाणार. पण नर्सबाईंनी वरच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली होती. नदीच्या वरच्या अंगाला पाच वाड्या होत्या, जिथं रस्ता नव्हता आणि दवाखाना कधी पोचला नव्हता. आठवड्यातून तीन दिवस नर्सबाईंना आणि औषधांच्या पेटीला तिकडे न्यायचं काम टिटवीला मिळालं. कागद द्यायला तोच कारकून होता. त्यानं नाव लिहिलं आणि लिहिता लिहिता म्हणाला, "माझ्या मेव्हणीलाही मुलगी झाली. तीसुद्धा हेच ठेवते म्हणतेय. त्याचा अर्थ काय गं नेमका?"

"पाखरू आहे," टिटवी म्हणाली. "ओरडतं."

भर उन्हाळ्यात ती एका सकाळी नर्सबाईंना घेऊन वर निघाली होती. पाणी उतरलेलं, स्वच्छ. गिरणीच्या मागच्या काठावर सून धुणं धूत होती, पाठ नदीकडे. दगडावर कपडे आपटण्याच्या आवाजात तिला काही ऐकू येत नव्हतं. तिची मुलगी, आता दहा महिन्यांची, गोधडीवरून उतरून रांगत निघाली होती. हात चिखलात, नजर पाण्यावरच्या चमकण्याकडे. पाणी तिच्यापासून चार हातांवर होतं, मग तीन.

टिटवी वल्हं सोडून उभी राहिली.

"टिटवे," तिनं हाक मारली.

मूल जागच्या जागी थांबलं. बसलं. मान वळवून त्यानं होडीकडे पाहिलं, मोठे डोळे करून. सुनेच्या हातातलं कापड पडलं, ती धावली आणि मुलीला कडेवर उचललं. होडीकडे बघून तिनं हात हलवला. मुलगीही आईचं बघून हात हलवायला लागली, चिखलानं भरलेला.

होडी प्रवाहात थोडी मागे सरकली होती. नर्सबाईंनी औषधांची पेटी घट्ट धरली आणि वाट पाहिली. टिटवी अजून उभीच होती.

"टिटवे," तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी हळू, काही कारण नसताना. मूल हसलं. मग ती खाली बसली आणि तिनं वल्हं उचललं.